व्यवस्था झाली का?

सरांच्या आयुष्यभराच्या कामाचं एक वाक्य होतं, आणि ते मराठीत आणणं हे माझं काम: जे लोक व्यवस्थेत राहतात, त्यांनीच ती आखावी. प्रणालींचं शास्त्र शिकवण्यात त्यांचे केस पिकले होते. त्यांना मराठी येत नव्हती. तरी शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ते लोकांना गोल बसवायचे. प्रत्येकानं बोलायचं, पण दुसऱ्याच्या वतीनं नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, दुभाषी. दुसऱ्यांची वाक्यं बोलणं मला सोपं जायचं. स्वतःचं काही बोलावं लागत नसे.

खर्डीजवळच्या पाड्यावर सरांनी पहिल्यांदा तिथल्या 'सिस्टीम'बद्दल विचारलं. मी मराठीत विचारलं, "इथली व्यवस्था कशी आहे?"

एक बाई म्हणाली, "बरी हाय. चा झाला ना तुमचा? चटई टाकू का आजून?"

बायका हसल्या. मी सांगितल्यावर सरही हसले, जरा उशिरा.

प्रश्न त्याच बाईच्या मुलीचा होता. दिवाळीनंतर पाडा वीटभट्टीवर जातो, मुलंही जातात आणि शाळा सुटते. मुलगी नुकती नीट वाचायला लागली होती. बऱ्याच बैठकांनंतर गोलातच ठरलं की मागं राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या मुलांना सांभाळतील, आईबाप तांदूळ ठेवून जातील. सर भिंतीला टेकले. आता माझं काम थांबलं तरी चालेल, म्हणाले.

"सगल्यांचं बोललीस गो," बाई मला म्हणाली, "तुजं काय ते बोल ना."

मी तांब्या उचलून पाणी प्यायले.

भट्टीचा टेम्पो आला तेव्हा एक म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला मुरबाडला गेलेली. दुसरी म्हणाली, "माज्या एकटीच्यानं नाय व्हायचं." मुलं एकेक करून टेम्पोत चढली. ती मुलगी गोणीवर बसली, दप्तर मांडीवर घेऊन.

सर म्हणाले, "तिला विचार, व्यवस्था कुठं तुटली."

मी बाईला विचारलं, "पोरीची व्यवस्था नाही झाली?"

"झाली ना. माज्यासंगती." तिनं सरांकडे पाहिलं. "त्यांना सावलीत बसव गो. कवाचे उभे हायेत."

सर उत्तराची वाट बघत होते. मी सांगितलं, "बसा म्हणतेय."

ते बसले.