गढीतल्या दारावरचा मान

कडेगावला उतरलो तर पुढची एसटी नुकतीच गेलेली. मी मनातल्या मनात चडफडत उभा. शेवटी एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं "बसा की पाव्हणं" म्हटलं आणि बसलो. हाडं खिळखिळी झाली, पण समोर गढी (जाड मातीच्या तटाचा लहानसा भुईकोट) दिसली आणि राग कुठल्या कुठे गेला.

आत नाटकाचं उघडं थिएटर आहे, एवढंच ऐकून आलो होतो. त्याचा इतिहास दारात बसलेल्या हमिदाचाचींनी सांगितला. त्यांच्या घरचा धंदा बांगड्यांचा. गढी ओस पडल्यावर एक बुरूज ढासळला. रजेवर आलेल्या गावच्या फौजींनी त्याची माती चोपून रंगमंच केला. माईक तेव्हा नव्हता आणि आजही लावत नाहीत. जत्रेच्या दुपारी राजाचं काम करणाऱ्यानं मंचावरून एक वाक्य बोलायचं. दारातल्या माणसाला ऐकू गेलं तर त्यानं हात वर करायचा. हात वर झाला नाही, तर राजा दुसरा.

"ऐकायचा मान आमच्या घरचा," चाची म्हणाल्या. "आदी सासऱ्यांचा, मग मालकांचा, आता माजा."

काय तोलामोलाची माणसं! मी थक्कच झालो.

जत्रा नेमकी त्याच दिवशी होती. जेवण राजाच्याच घरी, म्हणजे राजाचं काम करणाऱ्या निवृत्त सुभेदारांकडे होतं. भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) लय झकास, पण सुभेदार भाकरी नुसती कुस्करत होते. "पोरं म्हनत्यात आवाज बसला. ह्ये काम गेलं तर जत्रंला मी करू काय?"

दुपारी सगळं गाव जमलं. मी चाचींजवळ दारात उभा राहिलो. सुभेदार मंचावर आले आणि बोलले. शब्दन् शब्द मला ऐकू आला. चाचींचा हात मात्र खालीच. सुभेदार पुन्हा बोलले. हात हलला नाही. त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवायला घेतला.

चाचींनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमाला आलं?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. त्या उठल्या आणि भरल्या गर्दीतून थेट मंचापाशी गेल्या. "आवं सुभेदार, फेटा ऱ्हाऊ द्या. आवाज हाय तुमचा. कान गेलं माजं."

घराण्याचा मान असा चारचौघांत सोडायचा म्हणजे खायचं काम नाही. सुभेदार म्हणाले, "भाबी, दारात सून बसंल. तुमी म्होरं बसायचं, माज्या समोर."

संध्याकाळी नाटक झालं. देखणं झालं. चाची पहिल्या रांगेत, पदर सावरून.

सकाळी परत निघताना त्यांच्या दुकानावर गेलो. थिएटरं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि प्रत्येकात खोट काढली आहे. इथे काही सापडलं नाही, असं त्यांना जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं. मग विचारलं, "पुढं बसून कसं वाटलं?"

बांगड्या पुसता पुसता त्या थांबल्या.

"शेवटाला राजा गप हुतोय बगा. दारातनं मला दरसाल वाटायचं, सुभेदार वाक्य इसरलं. काल बगितलं. रडत असतोय त्यो."