महाराष्ट्र शासन विरुद्ध आमचे भावजी

औशाच्या कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढले तेव्हा मी लातूरच्या एका शाळेत बाई होते आणि मला सगळं कळत होतं. आता सत्तरी उलटल्यावर फारसं काही कळत नाही. पण तेव्हाचं ते सगळं कळणं आठवलं की हसू येतं. हसतानाही दम लागतो म्हणा.

आरोपी होते आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर. गावच्या शाळेत शिपाई, उरल्या वेळात शेती. बांध कोरण्यावरून चुलतभावाशी जुंपली. त्याने कुऱ्हाड उगारली, यांनी काठी घातली. त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. म्हणून फिर्याद त्याची आणि गुन्हा यांच्यावर. शिक्षा झाली असती तर भावजींची नोकरी गेली असती.

खटल्याच्या कागदावर वाचलं, 'महाराष्ट्र शासन विरुद्ध', आणि पुढे भावजींचं नाव. मी आमच्या वकिलांवर उखडले. "शासनाचं यांनी काय बिघडवलं? भांडण चुलतभावाशी!"

वकील मान वर न करता म्हणाले, "बाई, फौजदारीत खटला सरकार चालवतं. गुन्हा सिद्धही सरकारनंच करायचा. फिर्यादी नुसता साक्षीदार. तुम्ही फक्त तारखेला वेळेवर येत जा."

मग चार्ज ठेवायची तारीख लागली. त्या दिवशी न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, कबूल आहे का. मला खरी धास्ती याचीच होती. भावजींनी जन्मात कुठल्या साहेबाला नाही म्हटलं नव्हतं. तलाठी असो की हेडमास्तर, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत यांचं "हाव साहेब" तयार. आमच्याकडे याला रीत म्हणतात. कोर्टात त्या रीतीनं माणूस आत जायचा! म्हणून आदल्या रविवारी मी त्यांना ओसरीवर उभं करून तालीम घेतली.

"गुन्हा कबूल आहे का?"

"हाव..."

"भावजी!"

"न्हाई, न्हाई. पर वहिनी, मारलं तर हाय की मी."

"मारलं ते वेगळं, गुन्हा वेगळा."

"ते कसं काय?"

ते कसं काय, हे मलाही माहीत नव्हतं. म्हणून मी आवाज चढवला. वर्गातही मी तसंच करायचे.

पुकारा झाला. साहेबांनी आरोप सावकाश वाचला आणि विचारलं. भावजींनी हात जोडले.

"हाव साहेब, मारलं."

मी डोळे मिटून घेतले. गेली नोकरी.

"पर त्यानं आधी कुऱ्हाड उगारली. मारलं नसतं तर मीच ऱ्हायलो नसतो."

आमचे वकील धडपडत उठले. साहेबांनी त्यांना हातानंच थांबवलं. "जीव वाचवायला मारलं, असं तुमचं म्हणणं? मग गुन्हा कबूल नाही, असंच लिहावं लागेल." तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "आता हाच आपला बचाव." मी अशी मान डोलावली, जशी काही ती युक्ती माझीच.

पुढे वर्षानुवर्षं नुसत्या तारखा. कधी साहेब रजेवर, कधी साक्षीदार गैरहजर. लातूरहून एसटीनं यायचं, लिंबाखाली दुपार काढायची, नवी तारीख घेऊन परतायचं. लोकांच्या चपला झिजतात, माझे गुडघे झिजले. चुलतभाऊ भावजी बसत त्याच भाड्याच्या जीपमधून यायचा, गावातून दुसरी जीपच नव्हती. त्याच्याशी बोलायचं नाही, अशी माझी सक्त ताकीद होती. भावजी बोलत नसत. नुसती तंबाखू पुढं करत.

शेवटी एकदाची त्याची साक्ष झाली.

"हातात कुऱ्हाड होती?" आमच्या वकिलांनी विचारलं.

"व्हती की. रानात जाताना असतीच."

"उगारली होती?"

सरकारी वकील खाकरले. चुलतभावानं भावजींकडं बघितलं.

"उगारली. राग लई व्हता साहेब."

निकालाच्या दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊनच गेले होते. शिक्षा झाली असती तर त्याचं काय करणार होते, देव जाणे. निर्दोष सुटल्याचं ऐकलं आणि बाहेर येऊन पुडा सोडायला घेतला. भावजींनी तो माझ्या पिशवीत परत सारला.

"त्याच्यासमोर नगं, वहिनी. जाऊ द्या मला, जीप निघंल. सकाळी शाळेची घंटा मलाच द्यायची हाय."

फाटकापाशी चुलतभाऊ जीपमध्ये त्यांची जागा धरून बसला होता.