मजल्यामजल्यावरचे वास

केरबा लिफ्ट दुरुस्त करतो. मीरा रोडला उंच इमारती होत गेल्या, तसं त्याचं कामही वर वर गेलं. लिफ्टच्या डब्यावर उभा राहून, हातात टॉर्च धरून, तो अंधाऱ्या शाफ्टमधून हळूहळू वर सरकतो आणि प्रत्येक मजल्याच्या दाराच्या फटीतून तिथला स्वयंपाक त्याला भेटतो. तिसऱ्यावर लसणाची फोडणी, पाचव्यावर धूप, त्याच्याही वर कुठेतरी उतू गेलेलं दूध. कितीतरी वर्षं तो हे वास घेत होता. ते कुणाला सांगायची वेळ येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

त्याची बायको वैजयंता नवघरच्या एका जुन्या इमारतीत, खिडकीपाशी बसून, साड्यांना फॉल-बिडिंग करते. ती कोकणातली, खेडच्या बाजूची. तो मराठवाड्यातला, औशाकडचा. दोघांची घरं बौद्ध, लग्न मुंबईतल्या नातेवाइकांनी जुळवलं, पण ताटं जुळायला वेळ लागला. त्याला येसूर मसाला घातलेलं मटणाचं काळं कालवण हवं, तिला सुकट आणि बोंबील. मग हळूहळू दोघांनी एकमेकांचं उचललं. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर तर रविवारची दुपार हाच त्यांचा सण झाला. खाणं थोडं आणि खाण्याविषयी बोलणं जास्त. "आज मसाला पुढे गेला." "नाही हो, मीठ मागे राहिलं." असं बोलत बोलत हात वाळून जायचे.

गेल्या थंडीत वैजयंताला ताप आला. ताप गेला, खोकला गेला, आणि एका संध्याकाळी केरबा कामावरून परत आला तर जिन्यापर्यंत धूर. तो धावतच आत शिरला. तव्यावर सुके बोंबील जळून कोळसा झाले होते आणि वैजयंता तिकडे पाठ करून निवांत सुईत दोरा ओवत होती.

"अगं, बोंबील जळाले!"

"कुठे?" तिने वळून पाहिलं. मग तवा पाहिला, आणि मग स्वतःच्या नाकाला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतं कधीकधी. वास परत येईलही, वेळ लागेल. तोपर्यंत गॅस जपा. त्या दिवसापासून केरबा घराबाहेर पडताना शेगडीचं बटण हाताने चाचपून बघू लागला.

वास गेला तशी चवही अर्धी गेली. आंबट, खारट, तिखट एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं पुसलेलं. रविवारी मटणाचा तुकडा तिने तोंडात घातला, पुष्कळ वेळ चावला आणि शेवटी गिळून टाकला. "रबर आहे हो नुसतं. तुम्ही जेवा." केरबा जेवला, पण मसाला पुढे गेला की मागे राहिला ते सांगायचं कुणाला? अर्धी वाटी तशीच राहिली.

गंमत अशी, की स्वप्नात तिला वास यायचे. उठल्या उठल्या ती चहा टाकता टाकता सांगायची, "आज आईच्या परसातला फणस पिकला होता. इतका घमघमाट, की मी वाटच चुकले." तिचे डोळे अजून तिकडेच असायचे. हे ऐकून केरबाला कामावर एक नवाच नाद लागला. शाफ्टमधून वर सरकताना तो वास लक्षात ठेवू लागला आणि संध्याकाळी तिच्यासमोर बसून मजल्यामजल्याने उलगडू लागला.

"दुसऱ्यावर कोणीतरी मेथी निवडत होतं."

"निवडताना वास येतो?"

"येतो की. हिरवा, थोडा कडवट. आणि नवव्यावर तूप कढवत होते. खाली बेरी लागायच्या आतलं, तसं."

ती डोळे मिटून ऐकायची. सुई हातात तशीच थांबायची. बाहेर रिक्षावाले "स्टेशन, स्टेशन" ओरडत असायचे आणि घरात कुणाच्या तरी नवव्या मजल्यावरचं तूप सावकाश कढत असायचं.

मग वास परतू लागला, पण वाकडा. भाज्या, डाळी कशाबशा ठीक, पण मांस किंवा मासळी शिजली की तिला जळक्या प्लॅस्टिकसारखा दर्प यायचा. घरात करणं बंद झालं. "तुम्ही बाहेर खाऊन या ना," ती म्हणाली. "माझ्यासाठी कशाला मन मारता?"

तो एकदा गेला. मीरा रोडच्या एका खानावळीत कामावरच्या मित्रांबरोबर पोटभर जेवला, साबणाने हात धुतले, बडीशेप चघळत घरी आला. वैजयंताने हसत दार उघडलं आणि लगेच एक पाऊल मागे सरली. ते एक पाऊल केरबाला फार लांबचं वाटलं. आंघोळ करून तो तिच्याजवळ बसला.

"मी पण सोडतो."

"उगाच शब्द देऊ नका."

"शब्द नाही देत. करून बघू दोघं."

सुरुवात फसलीच. केरबाने सोयाबीनच्या वड्या आणल्या आणि त्यांचं मटणासारखं कालवण केलं. वैजयंता म्हणाली, "हे सोंग आहे. सोंगाला कशाला जेवायचं?" मग रोज बटाटा, फ्लॉवर, कोबी. दुपार व्हायच्या आत केरबाच्या पायांतलं बळ जायचं. एकदा जिन्यातच तो कठड्याला धरून बसला. वरच्या मजल्यावरच्या दिव्याबेन पिशवी घेऊन उतरत होत्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं.

"अरे केरबाभाई, खाली सब्जी खाओगे तो चक्कर आएगा ही. कठोळ किधर है? मूग, चना, वाल? छाछ पीते हो?"

"आपको आदत है, बेन. हमको ये सब जमता नहीं."

"मेरा मत सीखो. तुम्हारी मम्मी क्या बनाती थी, रोज तो मटन नहीं बनाती होगी ना?"

संध्याकाळी केरबाने हे घरी सांगितलं आणि दोघंही आठवू लागली. रोज? त्याच्या घरी मटण सणासुदीला. बाकी दिवस ज्वारीच्या कण्या, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, अंबाडीची भाजी, आणि पाहुणा आला तर येसराची आमटी. तिच्याकडे पावसाळ्यात मासळी बंद, तेव्हा कुळथाची पिठी, टाकळा, वालाचं बिरडं.

"ते गरिबीचं खाणं," केरबा म्हणाला. "त्यातून बाहेर पडायलाच तर मी इथे आलो."

"गरिबीचं होतं," वैजयंता म्हणाली. "पण चव काय गरीब होती का?"

दुसऱ्या दिवशी तिने हुलगे भिजत घातले. मग घर हळूहळू बदललं. खिडकीत फडक्यात बांधलेली मटकी, ताटलीखाली मोड येणारे वाल. तिच्या जिभेला जे कळायचं त्यावर ती भर द्यायची: कोकमाचा आंबटपणा, अंबाडीचा झटका, ठेच्याची आग, भाकरीच्या पापुद्र्याचा कुरकुर आवाज. केरबाने वास सांगायचा, तिने चव सांगायची, असं करत एक जेवण दोघांत मिळून पूर्ण व्हायचं. डॉक्टरांनी रक्त तपासून बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या, दूध-दही वाढवायला सांगितलं. केरबाच्या पायांत बळ आलं. शाफ्टमध्ये आता त्याला तरंगल्यासारखं वाटायचं. कधीकधी अंधारात त्याला औशाच्या शेतातल्या अंबाडीची पिवळी फुलं दिसायची आणि खालचा माणूस हाक मारायचा, "केरबाभाऊ, झोपलात का?"

त्याचा धाकटा भाऊ लोकेश नालासोपाऱ्याहून आला आणि ताटात माडगं बघून भडकला.

"दादा, तू पण? घर भाड्यानं मागायला गेलो होतो तेव्हा सोसायटीवाल्यांनी पहिला प्रश्न काय विचारला होता, विसरलास? आपल्या ताटावरून आपल्याला दारातून परत पाठवलं त्यांनी. आणि तू त्यांच्यासारखं खातोस?"

केरबाला तो जिना आठवला, तो बंद झालेला दरवाजा आठवला. "विसरलो नाही," तो म्हणाला. "पण हे आईचं माडगं आहे, लोकेश. त्यांचं नाही. तुझी वहिनी जेवू शकत नाही, मग मला एकट्याला गोड लागत नाही. एवढंच आहे."

लोकेश पुटपुटत जेवला. मग दुसऱ्यांदा माडगं मागितलं. जाताना वैजयंता त्याला म्हणाली, "पुढच्या वेळी तुझा मटणाचा डबा घेऊन ये. मी खिडकी उघडून बसेन, पण तू इथेच बसून जेव."

त्याच वर्षी घरमालकाने जागा विकायला काढली. एजंटने जेसल पार्कला एक फ्लॅट दाखवला. लिफ्ट होती, उजेड होता, वैजयंताच्या कामाला हवी तशी मोठी खिडकीही होती.

"आप लोग व्हेज है ना? सोसायटी का रूल है."

खरं उत्तर 'हो' होतं. केरबाने वैजयंताकडे पाहिलं. ती खिडकीच्या काचेवरून हात फिरवत होती.

"आज है," ती म्हणाली. "कल का मालूम नहीं. और मेरा देवर डिब्बा लेके आएगा, उसको मैं बाहर नहीं बिठाऊंगी."

एजंट हसला, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. दोघं चालत खाली उतरली. रस्त्यावर आल्यावर केरबा म्हणाला, "खिडकी चांगली होती." ती म्हणाली, "होती."

शेवटी नवघरमध्येच, धर्माजी पाटलांच्या जुन्या घराचा वरचा मजला मिळाला. "तुमच्या चुलीत मना काय बघायचा न्हाय," म्हातारा म्हणाला आणि किल्ली हातावर ठेवली. खिडकी लहान होती, पण तिच्यासमोर शेवग्याचं झाड होतं.

तिथेच एका रविवारी वैजयंता वाल सोलत बसली होती. खाली धर्माजींच्या घरी मासळी तळायला घेतली होती. केरबा खिडकी लावायला उठला.

"राहू द्या," ती म्हणाली. तिने मान वर केली, श्वास घेतला, पुन्हा घेतला. "बोंबील आहेत. ओले. रवा लावलेत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, बोंबलाचाच वास येतोय. जसा असतो तसाच."

केरबाने चपला घातल्या, पिशवी घेतली. "आणू? आत्ता मार्केट उघडं असेल."

तिने हातातला वाल ताटात ठेवला. शेवग्याचा एक तुरा हलत होता. वास खिडकीतून येत होता, भिंतीवर, साड्यांवर, तिच्या केसांवर उतरत होता, आणि ती पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी त्यात बसली होती.

"नको," शेवटी ती म्हणाली. "आजवर नाइलाज होता. आज मीच ठरवते. वास आला ना, पोट भरलं माझं." मग वाल त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "तुम्हाला वाटलं तर तुम्ही आणा. आता मी मागे नाही सरणार."

केरबाने पिशवी खुंटीला अडकवली. तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि एकेक वाल दोन बोटांत दाबून सोलू लागला. खालचं तळण संपेपर्यंत दोघं तशीच बसून सोलत होती.