दीडशे भोकं कमी

ऑफिसात तिला सगळे 'चाळणबाई' म्हणत. कामच तसं होतं. आकाशाच्या मोठ्या पाहणीसाठी काढलेल्या फोटोंत लाखो ठिपके असत. बहुतेक आपले जवळपासचे साधे तारे. एखादाच क्वेसार, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या आकाशगंगेच्या पोटात राक्षसी कृष्णविवर आणि त्यात पडता पडता तापून झळकणारा वायू. त्याचा उजेड अब्जावधी वर्षं वाट तुडवत आलेला असायचा, पण फोटोत तोही एक ठिपकाच. कोणत्या रंगात कोण किती उजळ दिसतो ते पाहून कॉम्प्युटर ढोबळ निवड करी. ज्यांच्यापुढे तोही हात टेके, ते ठिपके तिच्याकडे येत. 'हो' किंवा 'नाही'. एकवीस वर्षं ती हेच करत होती.

तिची यादी तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये जाई. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या गोल पत्र्याला प्रत्येक ठिपक्याच्या जागी भोक पाडत. भोकात काचेचा बारीक तंतू बसवला की तेवढाच उजेड उचलून तपासता येई. मगच खरं-खोटं कळे. एकदा तिथला ड्रिलवाला पत्रा काखोटीला मारून वर आला होता. "मॅडम, ही दोन भोकं एकमेकांच्या मांडीवर बसलीत. एकाला उठवा की." ती खो खो हसली. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं.

तो गेला एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, नळावर हात धुताना. पाचव्या दिवशी ती कामावर हजर. सोबतीला आलेल्या नणंदेचे डोळे रडून सुजले होते, हिचे ठणठणीत कोरडे. "वहिनी, जरा रडून तरी घे गं," नणंद म्हणे. ही 'बरं' म्हणे आणि डबा भरायला घेई.

तीन आठवड्यांनी नवा ड्रिलवाला दारात चुळबुळत उभा राहिला. "ताई, एक विचारू? या पत्र्याला दीडशे भोकं कमी आहेत. दुसऱ्या यादीतली आकाशगंगांची आहेत, क्वेसारचं एकही नाही."

साहेबांनी नोंदी काढल्या. अकराशे ठिपके, आणि अकराशेच्या अकराशे वेळा 'नाही'. तिला त्यातला एकही आठवेना. एकवीस वर्षांत तिच्या यादीला कुणी बोट लावलं नव्हतं. लाज वाटायला हवी, हे तिला कळत होतं. वाटत काहीच नव्हतं.

"महिनाभर घरी राहा," साहेब म्हणाले.

"घरी काय करू, साहेब? तिथलं सगळं आवरून झालंय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ठीक आहे. पण अर्धा दिवसच. आणि शंभर झाले की उठायचं. त्यातले दहा मी तपासणार."

तेच अकराशे पुन्हा पाहायला नऊ दिवस लागले. शंभर झाले की ती उठे, जिन्यापर्यंत जाई, परत येऊन आणखी वीस-पंचवीस बघे. यादी द्यायला मात्र स्वतः खाली गेली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. नव्या ड्रिलवाल्याने स्टूल खिडकीकडे सरकवलं होतं. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे होते. कोणत्या भोकाला ड्रिलचं कोणतं पातं, ते. अक्षर नवऱ्याचं.

"पुसू का ताई?" नव्या ड्रिलवाल्याने घाबरत विचारलं.

"तुझ्या कामाचे आहेत?"

"रोज बघतो."

"मग राहू दे."

चार महिन्यांनी निकाल आला. दीडशेपैकी अठ्ठ्याण्णव क्वेसार, एकोणपन्नास तारे, तिघांचं काहीच कळलं नाही. "बाई, उरल्यासुरल्या गाळातून अठ्ठ्याण्णव!" साहेब खुशीत होते. ती "हं" म्हणाली आणि पुढची यादी उघडली.

नणंद अजून मुक्कामालाच होती. संध्याकाळी दोघी भाजी चिरत असताना तिने तिला हे सांगितलं. भिंतीवरच्या आकड्यांचंही सांगितलं. नणंदेने विळी बाजूला सारली, पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडली. ती शेजारी बसून राहिली. पाण्याचा पेला पुढे केला.

डोळे पुसून नणंद म्हणाली, "या रविवारी निघू का गं मी? घरी सगळे खोळंबलेत."

"पुढच्या रविवारी जा," ती म्हणाली, आणि उरलेली भाजी चिरायला घेतली.