अप्पांनी घेतलेली चव

"दत्ताभाऊ, दिसायला लिंबू सरबतच पायजे. वास येता कामा न्हाई," महालिंगअप्पांनी तिसऱ्यांदा बजावलं.

सकाळचे अकरा वाजले होते. मी त्यांच्या वडवणीच्या घरात, स्वयंपाकघरात लिंबं पिळत होतो. अप्पा किराणा दुकानदार. गळ्यात लिंग, घरात मांस-मद्य वर्ज्य, शिवाय शाळाशाळांतून व्यसनमुक्तीवर भाषणं. पण मुलाचं लग्न जुळत होतं आणि मुलीचे वडील पुण्याहून घर बघायला येणार होते. मध्यस्थानं कानात सांगितलं होतं, "पाव्हणे शौकीन हायत."

मी पुण्यात एका हॉटेलात बावीस वर्षं बारटेंडर होतो. गावात मात्र "हॉटेल लाइनला होतो" एवढंच सांगतो; खरं काय ते फक्त अप्पांना माहीत.

व्हिस्की लेमोनेड अवघड नाही. व्हिस्की, लिंबाचा रस, साखरेचा पाक, बर्फ. हे शेकरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या भांड्यात, हलवायचं आणि वरून सोडा. शेकर नव्हता. अप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, शेवयांचा स्टीलचा डबा दिला. त्यांना वाटलं, सरबतच चाललंय.

खरं काम बॅलन्सचं. आंबट, गोड आणि कडक, यातलं कुणी पुढं जाता कामा नये. त्यासाठी चाखावं लागतं. मी स्ट्रॉच्या टोकानं थेंबभर चाखतो.

"मी बघू का?" अप्पांनी थेट पेला पुढं केला.

"अप्पा, तुम्ही?"

"घरात काय देतोय ते मालकाला म्हाईत नको?"

पहिल्या पेल्याला म्हणाले, "आंबट हाय." मी पाक घातला. दुसऱ्याला, "आता गोड झालं." तिसऱ्याला नुसतं, "कडक जरा कमी हाय बे." बावीस वर्षांत इतकं जाणकार गिऱ्हाईक मला क्वचित भेटलं. तयार केलेला जग अर्धा झाला तेव्हा पाहुणे दारात आले.

अप्पांनी पाहुण्यांना कडकडून मिठी मारली. मग बसायच्या आत म्हणाले, "इवाई, बायोडाटात पोरगा म्यानेजर लिवलंय ना? खोटं हाय. दोन म्हैन्यात कंपनी सोडून आला. दुकानात बसतो. पन माज्यापरीस लई भारी चालवतो!"

काकू पोह्यांचा ट्रे घेऊन आल्या पावली आत वळल्या. मुलगा भिंतीकडं बघू लागला. लग्न मोडलं, असं मी धरून चाललो.

पाहुणे आधी खुर्चीत नीट बसले. मग म्हणाले, "पाच घरं पाहिली. पाचही ठिकाणी मुलगा मॅनेजरच होता. खरं सांगणारे तुम्ही पहिले." जरा थांबून हळूच म्हणाले, "आमच्या मुलीची उंचीपण आम्ही दोन इंच वाढवून लिहिलीय."

मी ग्लास पुढं केला आणि आत काय आहे ते कुजबुजलो. त्यांनी हात जोडले. "डॉक्टरांनी बंद केलीय. साधं सरबत असेल तर द्या."

लग्न ठरलं. अप्पांची भाषणंही चालू आहेत. हल्ली त्यांत म्हणे स्वानुभव जास्त असतो.

मी धंद्यापुरतं एवढंच शिकलो: घरगुती ऑर्डर असली की आधी यजमानाला स्वयंपाकघराबाहेर काढायचं.