रफू ओळखणारी

गल्लीत तिला सगळे बारीक म्हणायचे. अंगानेही ती बारीकच, पण नाव पडलं ते टाक्यांवरून. कपड्याला पडलेलं भोक ती अशा हाताने विणून काढायची की गिऱ्हाईक कपडा उलटसुलट करून विचारायचं, "अहो, फाटला होता तो हाच ना?"

ही विद्या माहेरची नव्हती. सासरा रफूगार. आपल्या मुलाने धंदा शिकावा म्हणून त्याने जंग जंग पछाडलं, पण पोराला एका जागी बसायचा दम नव्हता. तो ट्रकवर गेला आणि एका वळणावर ट्रकबरोबरच गेला. तेव्हा बारीकच्या कडेवर तान्ही मुलगी होती. सासऱ्याने काही दिवस सुनेकडे नुसतं पाहिलं. मग एका सकाळी तिच्या हातात सुई दिली आणि म्हणाला, "रडून डोळे घालवलेस तर खाशील काय? बस इथे."

जिन्याखालची जागा, वाकूनच आत शिरायचं. एक दिवा, कपडा ताणून धरायला एक लाकडी चौकट. म्हातारा बोलायचा कमी. चुकलं की टाका उसवायचा, तोही न बोलता. धागा विकत आणायचा नाही, हा पहिला धडा. ज्या कपड्याचं भोक, त्याच्याच आतल्या शिवणीतून धागा ओढायचा आणि उभ्यात उभा, आडव्यात आडवा घालत वीण परत उभी करायची. "रफू दिसलं की रफूगार मेला," एवढं एकच वाक्य तो दिवसातून चार वेळा म्हणायचा.

त्या काळी कपडा सहजासहजी मरत नसे. कोट विटला की शिंपी तो उसवून आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. थोरल्याचा धाकट्याला, धाकट्याचा कापून शेंडेफळाला, मग त्याची पिशवी, पिशवीचं पायपुसणं. याला कोणी पर्यावरण म्हणत नव्हतं. नाइलाज म्हणत होते.

सासरा गेला आणि हळूहळू कपडेही बदलले. ताणले जाणारे, सुई लावली की वीण धावत सुटणारे. "मावशी, राहू द्या, तुमच्या रफूपेक्षा नवा स्वस्त पडतो," असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि ते खोटंही नव्हतं. शेवटी जागामालकाने जिन्याखाली मोबाइलची कव्हरं विकणारा आणून बसवला. बारीकने चौकट घरी आणून पलंगाखाली सारली.

मुलगी तोवर कॉलेज सांभाळून कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात लागली होती. तिथे दारातच पेटी होती: जुने कपडे द्या, पृथ्वी वाचवा. जुना देणाऱ्याला नव्यावर सूट. पेटीतला माल गावाबाहेरच्या शेडमध्ये निवडायला जायचा. एक दिवस मुलगी घाईघाईने घरी आली.

"आई, शेडवाल्यांना रफू ओळखणारं माणूस हवंय."

"ओळखणारं की करणारं?"

"ओळखणारं म्हणाले. तुला काय, दोन्ही येतं."

बारीकने त्या दिवशी ठेवणीतली साडी काढली. इतक्या वर्षांनी कोणाला तरी तिच्या हाताची आठवण झाली होती.

शेडमध्ये डोंगरासारखे ढीग, नाकात बसणारी धूळ, आणि भिंतीवर फलक: एकही धागा वाया जाणार नाही. मुकादमाने तिला खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलाशी बसवलं. चांगला माल परदेशातल्या दुकानांना जायचा, उरलेल्याच्या चिंध्या करून यंत्रं पुसायला. शेजारी बसायची ती कात्री. हाताने चिंध्या कापायची आणि तोंड त्याहून जास्त चालायचं, म्हणून हे नाव. बारीकने बाजूला केलेला कपडा तिने कापायचा, पास केलेला गठ्ठ्यात दाबायचा.

पहिल्याच सकाळी बारीकला एक लोकरी झगा मिळाला. खांद्यावर रुपयाएवढं रफू, इतकं सुरेख की उजेडातही लपलेलं. ती उठून मुकादमाकडे घेऊन गेली. "साहेब, हात बघा काय आहे!"

मुकादमाने बोट फिरवलं. "अरे वा! हे आमच्या कोणालाच दिसलं नसतं." आणि झगा कात्रीपुढे फेकला. "असेच शोधा. रफूचा माल निघाला की तिकडचे अख्खा गठ्ठा परत पाठवतात."

कात्रीने बटणं काढून झग्याच्या चार पट्ट्या केल्यासुद्धा. बारीक उभीच. "बस गं," कात्री म्हणाली, "इथे उभं राहून कोणाला पेन्शन मिळत नाही."

तेव्हा बारीकला कळलं की तिला कशासाठी आणलंय. फाटकं कोणालाही दिसतं. जे नीट केलेलं आहे, ज्यावर कोणी डोळे फोडलेत, तेवढंच शोधून काढायला तिची गरज होती. पण घरी मुलीची फी होती, चूल होती. ती बसली. दिवसभर रफू शोधायची, संध्याकाळी धूळ झटकून घरी जायची. कात्रीशी मात्र तिचं जमलं. डबा दोघी वाटून खायच्या. कात्रीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. ती त्याच्यावरही विनोद करायची. "आमचे हे घरचे मुकादम. उठत नाहीत, पण हुकूम चालूच."

मग थंडीच्या सुरुवातीला तो करडा कोट आला. कोपरावर रफू होतं आणि त्याच्या धाग्याचं शेवटचं टोक विणीखालून डावीकडे तिरकं घातलेलं होतं. सगळे रफूगार ते उजवीकडे घालतात. बारीकला डावीकडे घालणारा एकच माणूस माहीत होता: तिचा डावखुरा सासरा. तिने काचेवर कोट पसरून बराच वेळ कोपरावर हात ठेवला. कोणीतरी तो इतकी वर्षं जपून वापरला होता आणि आता सूट मिळते म्हणून पेटीत टाकला होता.

"काय गं, भूत दिसलं?" कात्रीने विचारलं.

"नाही. चांगला आहे हा. गठ्ठ्यात घाल."

काही महिने उलटले. एका सकाळी बारीक पोचली तर शेजारची जागा रिकामी. गठ्ठा परत आला होता. तिकडच्या कोणा शिंप्याने करड्या कोटाची बाही आखूड करायला घेतली आणि अस्तरामागून ओढलेल्या धाग्यांची वाट त्याला सापडली. मुकादमाने हिशेब सरळ केला: बारीकच्या नजरेतून रफू सुटणं शक्य नाही, म्हणजे जाड कोट कापायचा कंटाळा करून कात्रीनेच तो गठ्ठ्यात ढकलला. आल्या पावली काढून टाकलेली कात्री डबा तसाच घेऊन घरी गेली होती.

बारीक तशीच मुकादमापुढे उभी राहिली. "कोट मी पास केला. जाणून केला. माझ्या सासऱ्याचं काम होतं ते. तिला परत बोलवा, मला काढा."

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, खरं बोललात, बरं वाटलं. पण कापणाऱ्या मला उद्या दारात दहा मिळतील. तुमच्यासारखी कुठून आणू? आणि एकदा काढलेली परत घेतली तर इथे माझं ऐकेल कोण? पुन्हा असं करू नका. जा, माल पडलाय."

संध्याकाळी ती कात्रीच्या घरी गेली. आत नवरा खोकत होता. कात्रीने तिला दारातच उभं ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मी त्यांना सांगितलं गं," बारीक पुन्हा म्हणाली. "ऐकत नाहीत ते."

"कसे ऐकतील? तुला सासऱ्याच्या सुईने वाचवलं. माझ्या घरात कोण होतं रफूगार?" कात्री म्हणाली. "कोट कापायला दिला असतास तर कोणाचा जीव जाणार होता? तो म्हातारा तर आधीच मेलेला." आणि तिने दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं.

यानंतर बारीकने नोकरी सोडली असती तर सांगायलाही बरं वाटलं असतं. तिने सोडली नाही. मुलीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. दुसऱ्या दिवशी शेजारी नवी बाई येऊन बसली, गप्प राहणारी. बारीकने तिचं नाव विचारलं नाही, डबाही वाटला नाही. रफू दिसलं की ती कपडा कापायला बाजूला सारायची. कोणाचा हात आहे, हे बघणंच तिने सोडून दिलं. तेव्हापासून एकही गठ्ठा परत आला नाही. डोळ्यांना त्रास होऊ लागला तेव्हा मुकादमाने आपणहून तिला भिंगाचा दिवा आणून दिला.

शेडला जायचा जवळचा रस्ता कात्रीच्या दारावरून जातो. बारीक कालव्याच्या बाजूने, लांबून जाते.