राबाला दिलेली मनाई

मुरबाडच्या कोर्टात नवखा न्यायाधीश असताना मी एका विधवेच्या राबालाच मनाई दिली. निवृत्त न्यायमूर्ती म्हणून आज वाशिंदला बसलोय, आणि खिडकीतून जळत्या पाल्या-शेणाचा, राबाचा वास आला.

भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजतात, हे मला पुणेकराला कुठलं ठाऊक? दीर म्हणाला, वहिनी सामाईक शेत जाळतेय. मी लगेच हुकूम ठोकला. चूक कळली, पण मनाई उठवायला दिराची बाजू ऐकणं भाग होतं. त्याचा वकील मुदत मागत राहिला, मी चरफडत देत राहिलो. मृग तोंडावर आला; पाऊस पडला की राब पेटणार नव्हता.

शेवटी ती बाई म्हणाली, "सायेब, पावसाला पन पुढची तारीख द्या. तुमाला दुसरं काय येत नाय."